चकव्याचा ट्रेलर आणि भाड्याचा कॅमेरा

आमच्या महाविद्यालयातील सात विद्यार्थ्यांनी यंदाच्या पौषात एका भयपटाचा ट्रेलर तयार केला. भयपट अजून झालेला नाही, आणि त्याला लागणारा पैसा पाहता तो कधी होईल हे मलाही सांगता येणार नाही. परंतु शंभर सेकंदांचा ट्रेलर मात्र पूर्ण झाला, स्नेहसंमेलनात दाखवला गेला, आणि त्यातील विहिरीच्या दृश्याला मागच्या रांगेतली मुलेसुद्धा गप्प झाली. या कामाची जवळजवळ सर्व सामग्री आम्ही रत्नागिरीतील एका दुकानातून भाड्याने घेतली आणि संकलनाचा शेवटचा भागही त्याच दुकानाच्या माडीवरील खोलीत उरकला. मी मराठी शिकवते. माझ्याकडे हे काम आले ते केवळ रात्री मुलांबरोबर कोणी मोठे माणूस असले पाहिजे, या प्राचार्यांच्या अटीमुळे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिल्या आहेत आणि त्या मालकांना तोंडावर सांगून झालेल्या आहेत. ज्याला रत्नागिरीत कॅमेरा भाड्याने हवा असेल, त्याला हे दुकान सापडायला दोन माणसांहून अधिक विचारावे लागणार नाही.

दुकान मूळचे फोटो स्टुडिओचे. पुढच्या भागात पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, लॅमिनेशन आणि लग्नाचे अल्बम हा व्यवहार आजही चालतो. भाड्याचे काउंटर आत, पडद्याच्या पलीकडे आहे. मालक साठीच्या जवळ आलेले आहेत आणि मुले त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागली. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे एरवी हाती न लागणारे कॅमेरे या महिन्यात कपाटात बसून असतात, आणि काका दोन दिवसांचे भाडे घेऊन तिसरा दिवस तसाच देतात. ही सवलत कुठे लिहिलेली नाही, विचारावी लागते.

मुलांनी घरून यादी करून आणली होती. तीत ड्रोन होता, चालता चालता कॅमेरा स्थिर ठेवणारा गिम्बल होता, धुराचे यंत्र होते आणि शक्य तितका मोठा कॅमेरा होता. काकांनी यादी वाचली आणि तीनच गोष्टी विचारल्या: विहीर कोणत्या वाडीतली, तिथे वीज आहे का, आणि कोणी बोलणार आहे का. उत्तरे ऐकून त्यांनी ड्रोन आणि गिम्बल यांवर स्वतःच्या हाताने काट मारली आणि म्हणाले, “अंधार तिकडे फुकट मिळणार आहे. तुम्ही इथून उजेड न्या, आणि आवाज न्या.” त्यांच्या या काट मारण्याने दुकानाचे दिवसाला अडीच हजारांचे नुकसान झाले, हे मी हिशेब करून पाहिले. त्याऐवजी जड ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे, एक ध्वनिमुद्रण यंत्र आणि लांब दांडीचा मायक्रोफोन एवढे सामान आमच्यापुढे आले. मुलांचे चेहरे उतरले होते, हेही सांगितले पाहिजे.

सामानाचा बरा-वाईटपणा कळण्यासाठी कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. शेवटच्या एसटीने फाट्यावर उतरलेला एक मुलगा घरी चालत निघतो आणि त्याला चकवा लागतो. चकवा म्हणजे काय हे कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पायाखालची वाट ओळखीची असते आणि तरीही माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, आणि मग जागच्या जागी बसून उजाडण्याची वाट पाहावी असे जुनी माणसे सांगतात. आमचा मुलगा बसत नाही. तो एकाच विहिरीवर तीन वेळा येतो. पहिल्या वेळी रहाट स्तब्ध आहे आणि पोहरा कोरडा आहे. दुसऱ्या वेळीही तसेच आहे. तिसऱ्या वेळी पोहऱ्यातून पाणी ठिबकत आहे. रक्त, केस मोकळे सोडलेली बाई, काचेवर उमटणारा हात यांपैकी ट्रेलरमध्ये काहीही नाही. सगळी भिस्त त्या ठिबकण्यावर आहे, आणि म्हणून आम्हाला हवी असलेली वस्तू कॅमेऱ्याच्या मोठेपणाशी फारशी संबंधित नव्हती. हे काकांना आमच्याआधी समजले.

कॅमेरा मिळाला तो सोनी ए ६४००. हा २०१९ सालचा कॅमेरा आहे, त्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) एपीएस-सी या मध्यम आकाराचा आहे, फोर-के चित्रण तो उत्तम करतो, आणि विद्यार्थ्यांच्या कामासाठी तो पुरेसा आहे असे माझे मत झाले. त्याच्या अंगात हादरे शोषणारी यंत्रणा नाही, म्हणून जड ट्रायपॉडचा आग्रह योग्य ठरला. त्याला मायक्रोफोन जोडण्याची जागा आहे, पण हेडफोन जोडण्याची नाही; म्हणजे थेट कॅमेऱ्यात आवाज भरला तर आपण काय भरतो आहोत ते त्या वेळी ऐकता येत नाही. सोबतच्या १६-५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र जास्तीत जास्त एफ ३.५ पर्यंत उघडते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). काकांनी ती ठेवून घेतली आणि एफ १.८ ची ३५ मिलिमीटरची लेन्स दिली, जिच्यातून जवळजवळ चौपट उजेड आत येतो. तिला झूम नाही, त्यामुळे जवळचे दृश्य हवे असेल तर पायाने जवळ जावे लागते, आणि नवशिक्या मुलांना ही शिस्त लागली हा माझ्या दृष्टीने वेगळा लाभ.

लेन्सविषयी आणखी एक गोष्ट या दुकानाच्या बाजूने नोंदवते. समुद्राकाठच्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा आतल्या काचेवर पसरतात आणि दिवा समोर असला की संपूर्ण चित्रावर धुकट पांढरा पडदा येतो. माझ्या स्वतःच्या वडिलांचा कॅमेरा असाच गेला. या दुकानात लेन्स आर्द्रता आटोक्यात ठेवणाऱ्या विजेच्या कपाटात ठेवलेल्या आहेत, कपाटाच्या दारावरचा आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास होता, आणि प्रत्येक लेन्स देताना काका ती टॉर्चसमोर धरून गिऱ्हाईकाला आरपार दाखवतात. परत घेतानाही तसेच पाहतात. याचा अपमान वाटून घेऊ नये.

आता पहिली तक्रार. कॅमेरा आमच्या हातात आला तो आधीच्या गिऱ्हाईकाने केलेल्या सर्व बदलांसह. तो सेकंदाला ३० फ्रेम आणि एक साठांश सेकंदाचा शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, अशा बांधणीवर होता, आणि आमच्या छायाचित्रण करणाऱ्या मुलाने ते पाहिले नाही. विहिरीजवळच्या ज्या घरी आम्ही काम करत होतो त्याच्या पडवीत चोकची जुनी ट्यूबलाइट होती. आपल्याकडच्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण साठांशाच्या शटरवर चित्रात काळपट पट्टे वरून खाली सरकत राहतात. पहिल्या रात्रीचा पडवीतला दीड तासाचा ऐवज त्या पट्ट्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी सेकंदाला २५ फ्रेम आणि एक पन्नासांशाचा शटर केल्यावर पट्टे गेले. चूक आमचीही आहेच, परंतु भाड्याची वस्तू परत आल्यावर ती मूळ बांधणीवर आणून ठेवणे हे दुकानाचे काम आहे, जसे भाड्याची भांडी घासून देणे हे मंडपवाल्याचे. काकांनी हे मान्य केले आणि काउंटरवर सर्वांसमोर आपल्या पोऱ्याला झापले, ज्याची गरज नव्हती.

विहीर पावसच्या रस्त्यावरील एका वाडीत, चिऱ्यांची, चौकोनी काठाची. घरमालकीण आजींनी अमावास्येच्या रात्री मुले विहिरीवर काम करणार हे ऐकून आधी नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले आणि मगच दोर खाली सोडू दिला. दिवे आल्यावर मुलांनी स्वाभाविकपणे ते कॅमेऱ्याच्या शेजारी उभे केले आणि विहीर लग्नाच्या मांडवासारखी लख्ख उजळली. भीती नावालाही उरली नाही. मग काकांनी काउंटरवर कागदाच्या मागे काढून दिलेली आकृती बाहेर आली. मोठा दिवा विहिरीच्या पलीकडे, माडाच्या खोडाआड, विहिरीपेक्षा उंच आणि कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करून. छोटा दिवा पूर्ण बंद. मुलाच्या हातात खरा कंदील. आणि कॅमेऱ्यामागे थर्माकोलचा एक पांढरा तक्ता, जो कंदिलाचा थोडासा उजेड त्याच्या चेहऱ्यावर परत टाकील. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, ४००० केल्विनवर ठेवले (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). ५६०० केल्विनचा दिवा त्यामुळे निळसर दिसू लागला आणि दोन हजारांच्या आसपासचा कंदील नारिंगी. मागून येणाऱ्या त्या निळ्या उजेडात रहाटाची कड, दोराचे सुटलेले तंतू आणि पोहऱ्याच्या बुडाशी लोंबणारा पाण्याचा थेंब एवढेच चमकत होते. बाकी विहीर असावी असे फक्त वाटत होते. थेंब सुटण्यापूर्वी लांबट होतो, क्षणभर त्यात दिवा उलटा दिसतो आणि मग तो जातो. हे चार सेकंद घेण्यास आम्हाला पन्नास मिनिटे लागली, कारण पोहरा वाऱ्याने फिरत असे आणि थेंब भलत्याच बाजूने पडत असे. शेवटी पोहऱ्याच्या बुडाला मेणाचा एक बारीक ठिपका लावल्यावर पाणी हवे तिथेच जमू लागले. ही युक्ती आजींची.

दिवे चांगले आहेत. बॅटरीवर चालतात, पंख्याचा आवाज करीत नाहीत आणि उजेड शेकड्यात कमी-जास्त करता येतो. आमचा मोठा दिवा बहुतेक वेळ पंधरा टक्क्यांवर होता.

समुद्राच्या दृश्यासाठी दुकानाचे जे साहाय्य झाले ते भाडेपत्रकात बसणारे नाही. ओल्या वाळूवर पावलांचे ठसे सरळ जातात आणि मध्येच थांबतात, पुढे वाळू कोरी, असे एक दृश्य होते. त्यासाठी संधिप्रकाश आणि ओहोटी एकाच वेळी हवी होती. काकांनी पंचांगही न उघडता सांगितले की अमावास्येला भरती बाराच्या आत-बाहेर, म्हणजे ओहोटी सहाच्या आत-बाहेर, आणि सूर्यास्तानंतरची वीस मिनिटे तुमची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तो कॅमेऱ्याच्या काउंटरवर ऐकायला मिळेल अशी अपेक्षा नव्हती. आम्ही भाट्याच्या सुरूच्या बनापुढे, मांडवीचे दिवे फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून दक्षिणेकडे तोंड करून, ते दृश्य घेतले. मुलगा चालत गेला, थांबला, आणि आपल्याच ठशांत पाय ठेवत उलटा परत आला. एका ठशाची टाच दुहेरी उमटली म्हणून चार दिवसांनी, कोणालाही न विचारता, मुले त्याच वेळेला पुन्हा गेली. चतुर्थी होती. चतुर्थीला भरती तीन वाजता, ओहोटी नऊला. साडेसहाला पाणी अर्ध्यावरच होते आणि आधीच्या दृश्यातली रुंद चकचकीत वाळू कुठेच नव्हती. एका दिवसाचे भाडे फुकट गेले. दुहेरी टाचेचा ठसाच ट्रेलरमध्ये आहे, आणि स्नेहसंमेलनात कोणीतरी तो मुद्दाम ठेवलेला समजून त्याची तारीफ केली.

धुराचे यंत्र मात्र घेऊ नये. बंद खोलीत ते उपयोगी पडत असेल. उघड्यावर, संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा धूर दहा सेकंद टिकू देत नाही, आणि रात्री वारा फिरून जमिनीकडून वाहू लागला की तोच धूर कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. दोन वाऱ्यांच्या मध्ये थोडा वेळ हवा पडते, तेवढाच काय तो अवकाश. यंत्राला वीज लागते, त्याला तापायला वेळ लागतो आणि द्रावणाचे पैसे वेगळे. आजींनी परसातली नारळाची सोडणे घमेल्यात पेटवून वर ओला पाला टाकला आणि जो जड, जमिनीलगत रेंगाळणारा धूर झाला तो आम्हाला हवा होता. काकांनी यादीतून ड्रोन काढला तसे हेही काढायला हवे होते. त्यावर विचारले तेव्हा ते नुसते हसले.

ध्वनिमुद्रण यंत्र झूम कंपनीचे एच ५ होते. दोन पेन्सिल सेलवर ते चालते, त्याला लांब मायक्रोफोन जोडता येतो आणि हेडफोनमधून ऐकत भरता येते. या एका वस्तूचे भाडे दिवसाला तीनशे रुपये, आणि सबंध यादीत सर्वांत वसूल झालेली रक्कम हीच. आवाज सांभाळणाऱ्या मुलीला काकांनी दोन सूचना दिल्या होत्या. पहिली, मायक्रोफोनवर केसाळ कव्हर घातल्याशिवाय समुद्राच्या बाजूला तोंडसुद्धा करायचे नाही. दुसरी, प्रत्येक जागी सर्वांनी गप्प उभे राहून दोन मिनिटे नुसती जागा भरून घ्यायची. दुसऱ्या सूचनेची मुलांनी पहिल्या दिवशी थट्टा केली. संकलनाच्या वेळी कळले की तुकडे जोडताना प्रत्येक सांध्यावर मागचे रातकिडे अचानक बंद होतात आणि पुन्हा सुरू होतात, कारण दर वेळी किड्यांचा सूर वेगळा असतो. ते सांधे झाकायला त्याच जागेचे, त्याच रात्रीचे, कोणी न बोललेले दोन मिनिटांचे मौन लागते. ते आमच्याकडे होते. वाडी समुद्रापासून दीड-दोन किलोमीटर आत, तरी त्या मौनात गाज ऐकू येते, आणि मधूनच रातव्याचा एकसुरी ठोका. एकदा रानातून भेकर ओरडले. भेकराचे ओरडणे ज्याने रात्री ऐकलेले नाही त्याला ते जनावर हरणाच्या जातीचे आहे यावर विश्वास बसणार नाही. आमची मुलगी हेडफोन लावून बसली होती, ती जागची उठून पडवीत गेली. यंत्र सुरूच राहिले आणि तो आवाज जसाच्या तसा ट्रेलरमध्ये आहे.

रहाटाची कुरकुर वेगळी भरली. मायक्रोफोन आसापासून वीतभर अंतरावर धरून, रहाट हाताने हळूहळू फिरवत. पुढे हीच ध्वनिफीत अर्ध्या वेगाने चालवली तेव्हा सूर एक सप्तक खाली उतरला आणि लाकूड कुरकुरण्याऐवजी कोणीतरी कण्हत असल्यासारखे ऐकू येऊ लागले. शंभर सेकंदांचे पार्श्वसंगीत म्हणून याखेरीज दुसरे काहीही वापरलेले नाही.

दुसरी तक्रार बॅटऱ्यांची. चार दिल्या, त्यांपैकी एक अंगाने किंचित फुगलेली होती आणि दहा मिनिटांत मान टाकत होती. फुगलेली बॅटरी कोणत्याही गिऱ्हाईकाला देऊच नये. ती वापरण्याजोगी नसते एवढेच नव्हे, धोकादायक असते. फोन केल्यावर काकांनी संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ दुसरी पाठवली आणि ती आम्ही फाट्यावर उतरवून घेतली. चूक सुधारली, हे खरे. पण काउंटरवर लेन्स टॉर्चसमोर धरणाऱ्या माणसाने बॅटरी नुसती टेबलावर ठेवून पाहिली असती तर ती डुगडुगते हे त्यांना तेव्हाच दिसले असते. शिवाय मेमरी कार्ड एकच, ६४ जीबीचे दिले होते. सेकंदाला १०० मेगाबिट या दर्जाने तासाला ४५ जीबी जागा जाते, म्हणजे कार्ड दीड तासाच्या आतच भरते. दुसरे कार्ड मागून घ्यावे.

माडीवरील संकलनाच्या खोलीविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. मुलांनी कच्चे संकलन घरीच, लॅपटॉपवर, दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत केले होते. फोर-के फाइली लॅपटॉपला झेपत नव्हत्या, म्हणून त्यांच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम केले. मोफत आवृत्तीत कापणे, जोडणे, रंग आणि ध्वनी हे सर्व होते. अंधाऱ्या चित्रातले दाणे, म्हणजे कमी उजेडात चित्रावर उमटणारे बारीक ठिपके, काढण्याची सोय मात्र पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीत आहे, आणि ती या खोलीत आहे, एवढ्यासाठी आम्ही तासाला साडेतीनशे रुपये देऊन तिथे गेलो. जाण्यापूर्वी दोन्हीकडची आवृत्ती एकाच क्रमांकाची आहे ना, हे विचारून घ्यावे. नव्या आवृत्तीत उघडलेले काम जुनीत परत उघडत नाही.

खोलीतला संकलक तरुण, हाताने विलक्षण चपळ आणि लग्नाच्या चित्रफितींवर वाढलेला आहे. आम्ही चहाला खाली गेलो आणि अर्ध्या तासाने वर आलो तेव्हा त्याने आमच्यावर उपकार करून ठेवले होते. विहिरीचे चार सेकंदांचे दृश्य अर्ध्या सेकंदावर आले होते. प्रत्येक कापावर धडाम् असा आघात होता. वीज चमकत होती, पौषात. अक्षरांतून रक्त ओघळत होते. आणि या सर्वांच्या मागे एक लांडगा केकाटत होता. आवाज सांभाळणाऱ्या मुलीने अगदी शांतपणे विचारले, “दादा, भाट्याला लांडगा कुठून आला?” त्याचे उत्तर असे की भयपटाच्या ध्वनींचा जो संच त्याच्याकडे आहे त्यात लांडगा पहिल्याच क्रमांकावर आहे. मुलाचा हेतू वाईट नव्हता, आणि तयार संच वापरणे हा त्याच्या कामाचा भागच आहे. लग्नाच्या हंगामात रात्रीत तीन चित्रफिती बाहेर काढायच्या तर दुसरे काय करणार? परंतु खाली काउंटरवर तिथी सांगून ओहोटी काढून देणारे दुकान आणि माडीवर लांडगा लावणारे दुकान एकच आहे, हे मला त्या दिवशी पटता पटेना.

पुढचे तीन तास आधीचे परत आणण्यात गेले. दाणे काढताना पहिल्या प्रयत्नात चेहरा मेणाचा झाला. प्रमाण निम्म्याहून कमी केल्यावर कातडी परत आली. मग उलटे काम करावे लागले. हा कॅमेरा प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच नोंदवतो, आणि निळसर आकाश काळोखात विरते तिथे दाणे निघून गेल्यावर त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडल्या. त्या झाकायला वरून बारीक दाणे पुन्हा टाकले. हे मात्र त्या तरुणाने न सांगता केले आणि सुरेख केले. ध्वनीची पातळी त्याने कानठळ्या बसतील इतकी ठेवली होती. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे माप) स्वतःच खाली आणते, त्यामुळे आरडाओरडा करून मिळत काहीच नाही, फक्त शांत आणि मोठ्या आवाजांतला फरक मरतो, आणि आमचा ट्रेलर त्या फरकावरच उभा होता. शेवटी मोठ्या स्पीकरवर ऐकून सगळे खूश झाले असताना मीच मोबाइलवर ऐकू या म्हणाले. मोबाइलच्या स्पीकरला अगदी खालचे सूर पेलत नाहीत; खोलीत छातीवर येणारी घरघर फोनवर नाहीशीच झाली होती, उरली होती ती रहाटाची कुरकुर आणि थेंबाचा आवाज. त्यानंतर घरघर काढूनच टाकली.

बिल असे झाले: कॅमेरा व लेन्स दिवसाला बाराशे, दिवे मिळून पाचशे, ध्वनिमुद्रण यंत्र तीनशे, ट्रायपॉड शंभर, धुराचे यंत्र आणि द्रावण यांचे आठशे वेगळे, आणि माडीवरचे पाच तास. वाया गेलेला लांडग्याचा अर्धा तास काकांनी वजा केला. अनामत म्हणून रोख रकमेऐवजी महाविद्यालयाचे पत्र आणि माझे ओळखपत्र चालले. एकट्या विद्यार्थ्याला मात्र कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीइतकी अनामत ठेवावी लागते आणि ती बहुतेकांना शक्य नाही, म्हणून कोणीतरी शिक्षक बरोबर न्यावा. पावती मागितली तरच मिळते. सामान रात्री आठपर्यंत परत करावे लागते, आठ वाजून दहा मिनिटे झाली तर पुढचा दिवस मोजतात, आणि यात काकांच्या प्रेमळपणाचा काही उपयोग होत नाही. मृगापासून नवरात्रापर्यंत बाहेरच्या चित्रणासाठी ते लेन्स देत नाहीत. त्या कपाटाकडे पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पटते.

मुलांना आता ट्रेलरमागचा चित्रपट करायचा आहे, निदान त्यातली विहिरीपर्यंतची पंधरा मिनिटे. संकलन पूर्णपणे घरी करायचे आणि माडीवर फक्त दाणे काढायला, तेही सर्वांनी खोलीत बसून, चहा वर मागवून जायचे असे ठरले आहे. येत्या मार्गशीर्षातील अमावास्येचे तीन दिवस काकांच्या वहीत लिहून आलो. तेव्हा लग्नसराई असेल, म्हणून कॅमेऱ्याचे नक्की सांगत नाही, असे ते म्हणाले. ध्वनिमुद्रण यंत्राच्या रकान्यात मात्र त्यांनी महाविद्यालयाचे नाव पेनाने लिहिले.